येथे डॉक्टर बसत नाहीत

माझ्या दुकानात तीन पाट्या आहेत. पहिली, 'दुपारी एक ते चार दुकान बंद. शटर वाजवू नये.' दुसरी, 'आजार दुकानदारास सांगावा, रांगेतल्या शेजाऱ्यास नव्हे.' तिसरी, 'येथे डॉक्टर बसत नाहीत.' पहिल्या दोन वाचून लोक चिडतात, तिसरी वाचून हसतात. परवा एक गृहस्थ म्हणाले, "डॉक्टर, ही पाटी कशाला लावलीत?" मी त्यांना खोकल्याचं औषध दिलं नाही. ते समोरच्या दुकानात गेले. जाऊ देत.

तिसरी पाटी मी जानेवारीत लावली. ती लागायला हवी होती अठरा वर्षांपूर्वी, निदान मागच्या गणपतीत तरी. तेव्हा लावली असती तरी मथुराबाईला ती वाचता आली नसती, हे खरं आहे. पण मला वाचता आली असती.

मी डॉक्टर नाही. मी डी. फार्म. आहे. बारावीला मला थोडे मार्क कमी पडले. थोडे म्हणजे किती, हे माझ्या वडिलांनी कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीत कोणालाही कळू दिलं नाही. कोणी चौकशी केली की ते म्हणत, "आमची सुनीती मेडिकलला आहे." ऐकणारा मेडिकल कॉलेज समजायचा. त्याचा समज दुरुस्त करायची वडिलांना कधी घाई नसायची. तेव्हा मला त्यांचा भयंकर राग यायचा. पण त्यांचं नाक जसं माझ्याकडे आलं तशी ही खोडही आली.

लग्न करून धायरीत आले. दुकान नवऱ्याचं, अभयचं, परवाना माझ्या नावावर. माल आणणं, वितरकांशी भांडणं त्याच्याकडे, काउंटर माझ्याकडे. तेव्हा रस्त्याच्या एका बाजूला शेतं होती आणि दुसऱ्या बाजूला नव्या इमारती. इमारतीतले लोक चिठ्ठी घेऊन यायचे आणि मला मॅडम म्हणायचे. गावठाणातले लोक चिठ्ठीशिवाय यायचे आणि मला डॉक्टर म्हणायचे. पहिलं वर्षभर मी प्रत्येकाला सांगत होते की मी डॉक्टर नाही, मी औषधं विकते. ते म्हणायचे, तेच की. मग मी सांगणं सोडून दिलं. कंटाळा आला म्हणून सोडलं असं मी स्वतःला सांगत आले, पण ते खोटं आहे. मला ते ऐकायला आवडायला लागलं होतं.

मथुराबाई गावठाणातली. वय बासष्ट-त्रेसष्ट. त्यांचं शेत इमारतीत गेलं, बदल्यात फ्लॅट मिळाले, गाळे मिळाले, मुलानं, साईनाथनं, जेसीबी घेऊन भाड्यानं लावले. दारात मोठी गाडी आहे. म्हणजे पैसा नव्हता म्हणून असं झालं, असं म्हणून सुटायची सोयही मला नाही. फ्लॅट मिळाला तरी मथुराबाईनं इमारतीच्या मागे एक वाफा राखला होता. त्यात ती मेथी, कोथिंबीर काढायची. दुकानात कधी रिकाम्या हातानं आली नाही. औषधाचं बिल चुकतं करायची आणि वर मेथीची एक जुडी काउंटरवर ठेवून म्हणायची, "ही तुमची तपासनी." म्हणजे तपासायची फी. मी हसून घ्यायची. आमच्या घरी कित्येक वर्षं मेथी विकत आणलेली नाही.

मागच्या वर्षी होळीच्या आधी ती गाल धरून आली. डावीकडची खालची दाढ. मी तिला सांगितलं ते अगदी पुस्तकात आहे तसं सांगितलं. कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या करा, लवंगेच्या तेलाचा बोळा दाढेवरच ठेवा, हिरडीला लागू देऊ नका, ही गोळी जेवल्यावर घ्या, आणि दोन दिवसांत थांबलं नाही तर दाताच्या डॉक्टरकडे जा. शेवटचं वाक्य तिनं कानाआड केलं. तिच्या थोरल्या बहिणीनं दाढ काढली आणि वर्षात तिची नजर गेली म्हणे. मी म्हटलं, तो मोतीबिंदू असणार, आणि लोक म्हणतात तेसुद्धा वरच्या दाढेबद्दल, तुमची तर खालची आहे. ती म्हणाली, शिरा वरच जात्यात न्हवं. मी गोळ्या पिशवीत घातल्या. मागे तीन माणसं उभी होती.

तिसऱ्या दिवशी दुखणं थांबलं. मथुराबाईनं गावठाणभर सांगितलं की डॉक्टरनी दाढ न काढता दाढ बरी केली. त्यानंतर गाल धरून येणारांची संख्या वाढली. कोणी रात्रभर झोप नाही म्हणून, कोणी लग्नाला जायचंय म्हणून. सगळ्यांना तीच गोळी आणि तेच तेल. दुखायची थांबलेली दाढ बरी झालेली नसते, आत नस मेली की दुखणं थांबतं, एवढं मला डी. फार्म. नसते तरी कळलं असतं. ते मी कोणाला सांगितलं नाही. माझं नाव होत होतं आणि मी खूश होते.

मथुराबाई मशेरी लावायची. बाराव्या वर्षापासून, दिवसातून तीनदा. तव्यावर तंबाखू भाजायला घेतली की तो वास रस्त्यापर्यंत यायचा. तिच्याकडे दातदुखीवरचं पहिलं औषधही मशेरीच, कारण त्यानं बधीर होतं. दाढ दुखल्यापासून ती त्याच बाजूला जास्त लावायला लागली. मी सोडायला सांगितली. सोडली म्हणाली. दात काळेकुट्ट दिसत होते, तरी मी पुढे काही बोलले नाही. तिला वाईट वाटलं असतं.

आषाढात ती आली आणि म्हणाली, "तोंड आलंय."

आपल्याकडे हे छान आहे. ताप येतो तसं तोंडही येतं, आणि येतं तसं आठ दिवसांत जातंही. त्यामुळे तोंड आलं म्हणून डॉक्टरकडे गेलेलं माणूस मी पाहिलेलं नाही. मी जेलची ट्यूब दिली, बी-कॉम्प्लेक्स दिलं, तिखट खाऊ नका म्हटलं. पंधरा दिवसांनी ती दुसरी ट्यूब न्यायला आली. मग तिसरी. त्या ट्यूबवर बारीक इंग्रजी अक्षरात लिहिलेलं असतं की सात दिवसांत बरं न वाटल्यास डॉक्टरांना दाखवा. ते वाक्य मला पाठ आहे. तिला मराठीसुद्धा वाचता येत नाही.

गौरी-गणपतीचे दिवस होते. संध्याकाळी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. मथुराबाई पुढे आली, पदर बाजूला केला आणि म्हणाली, एकदा बघाच तुम्ही. मी मोबाईलचा टॉर्च लावला. शेवटच्या दाढेच्या मागे, गालाच्या आतून, रुपयाएवढा पांढरा चट्टा होता. मधोमध लाल, कडा वर आलेल्या. असे फोटो आम्हाला शिकताना दाखवले होते. मी विचारलं, दुखतं का? ती म्हणाली, दुखत न्हाय, टोचतंय फकस्त. न दुखणारंच वाईट असतं, हेही मला माहीत होतं. मी टॉर्च बंद केला.

मी म्हटलं, "मथुराबाई, हे डॉक्टरांना दाखवा."

ती म्हणाली, "दावलं की आत्ता."

दुकान हसलं. दम्याचा पंप न्यायला येणारे भीमराव हसले. नव्या टॉवरमधली एक बाई सासूचं औषध न्यायला पहिल्यांदाच आली होती, तीही हसली आणि तिनं माझ्याकडे जरा आदरानं पाहिलं. मी पण हसले.

त्या वेळी तीन शब्द बोलायचे होते. मी डॉक्टर नाही. गर्दीसमोर, मोठ्यानं, तिला कळेल अशा आवाजात. मथुराबाई वाट अडवून उभी नव्हती, कोणी माझं तोंड दाबलं नव्हतं. मी ते शब्द बोलले नाही, कारण त्या टॉवरमधल्या बाईची नजर मला हवी होती. मी चौथी ट्यूब काढून दिली. देताना खालच्या आवाजात म्हणाले की एखाद्या दाताच्या डॉक्टरांनाही दाखवून ठेवा. ती तोवर पिशवीतून मेथी काढायला वाकली होती. बरं बरं, म्हणाली.

घरी गेल्यावर अभयला सांगितलं की मथुराबाईचं लक्षण बरं दिसत नाही. त्यानं विचारलं, तू सांगितलंस ना तिला? मी म्हटलं, सांगितलं. मग झालं तर, तो म्हणाला. मीही म्हटलं, झालं. आमच्या पुण्यात एकदा पाटी लावली की जबाबदारी संपते. माझंही तसंच झालं.

दिवाळीत ती म्हणाली, चकली खाता येत नाही. मग भाकरी दुधात कुस्करून खायला लागली. कार्तिक संपेपर्यंत तोंड दोन बोटांपलीकडे उघडेना. मी गोळी बदलून जास्त जोराची दिली. साईनाथचा नंबर माझ्याकडे होता. दोनदा फोन हातात घेतला. काय सांगणार होते? तुमच्या आईला मोठ्या दवाखान्यात न्या, असं म्हटलं की तो विचारणार, कधीपासून आहे? मग विचारणार, तुम्ही इतके महिने काय देत होता? दोन्ही वेळा फोन खाली ठेवला. मी घाबरले होते, आणि तिच्यासाठी नाही, माझ्यासाठी.

डिसेंबरात मथुराबाई यायची थांबली. मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहिताना माझी मला किळस येते, पण वाटलं ते असंच.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात, मी दुपारी शटर ओढत असताना साईनाथ आला. हातात दवाखान्याची जाड फाईल. पाटी न वाचता आत आला आणि स्टुलावर बसला. नात्यातल्या एका लग्नात मथुराबाईला घास गिळेना. पाहुण्यांची अपूर्वा नावाची मुलगी दातांच्या कॉलेजात शिकते, तिनं मांडवातच तोंड उघडायला लावलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतः मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. तुकडा काढून तपासला. डाव्या बाजूचा अर्धा खालचा जबडा दातांसकट काढावा लागला, गालाला छातीचं मांस लावलं. मानेतल्या गाठी काढल्या. आता किरणांचे शेक द्यायचेत, सहा आठवडे. साईनाथ हे सगळं शांतपणे सांगत होता. एक दाढ काढायला घाबरलेल्या बाईचा अर्धा जबडा गेला होता, आणि सांगणारा माझ्यावर चिडलेला नव्हता.

मग त्यानं फाईलमधला एक कागद काढला. त्यात एक रकाना होता, आधी कोणत्या डॉक्टरांकडे उपचार, किती काळ. ऑपरेशनच्या आधी मथुराबाईनंच सांगितलं होतं, धायरीच्या आमच्या डॉक्टरकडं. तिथले डॉक्टर संतापले म्हणे. असल्या जखमेवर इतके महिने जेल लावत बसणारा कोण हा डॉक्टर, नाव आणा त्याचं, म्हणाले. साईनाथ माझ्या बाजूनं त्यांच्याशी भांडला होता. आमच्या डॉक्टर चांगल्या आहेत, काहीतरी कारण असेल, असं त्यानं त्यांना सांगितलं होतं. आता त्याला माझं पूर्ण नाव, डिग्री आणि नंबर हवा होता.

मी म्हटलं, "साईनाथ, मी डॉक्टर नाही."

त्याला कळलं नाही. मी भिंतीकडे बोट दाखवलं. तिथं माझं प्रमाणपत्र अठरा वर्षं फ्रेममध्ये टांगलेलं आहे, कायद्यानं टांगावंच लागतं. साईनाथ उठला, जवळ गेला आणि एकेक अक्षर लावत त्यानं ते वाचलं. मला वाटत होतं, यानं आता काच फोडावी, शिव्या द्याव्यात, रस्त्यावर चार लोक गोळा करावेत. तो परत येऊन स्टुलावर बसला.

"गनपतीत मी गाडी काढली व्हती," तो म्हणाला. "म्हनलं चल, मोठ्या दवाखान्यात दावू. ती म्हनली, डॉक्टरनी बॅटरी लावून बघितलंय, औशिद दिलंय, आता कशाला? म्या गाडी परत लावली."

मी भिंतीवरच्या फ्रेमकडेच बघत होते.

"तिनं तुमास्नी तोंड दावलं ना, तवा सांगायचं व्हतं," साईनाथ म्हणाला.

मी कागद ओढून घेतला आणि त्या रकान्यात माझं नाव लिहिलं. पुढे लिहिलं, औषध विक्रेती, डॉक्टर नव्हे, आषाढ ते मार्गशीर्ष. कागदावर ते किती सहज लिहिता आलं. मी म्हणाले, मी घरी येते, मथुराबाईचे पाय धरते, तिला सगळं सांगते. मला त्यात जरा बरंही वाटायला लागलं होतं. माफी मागायची, रडायचं, मोकळं व्हायचं. साईनाथनं फाईल बांधली.

"न्हाय. सांगू नका," तो म्हणाला. "त्या डॉक्टरवर तिचा भरवसा न्हाय, त्यांनी जबडा काढला म्हनून. शेक घ्याया जायाचंच न्हाय म्हनती. हातानं खुना करून तुमचं नाव घेती. तुम्ही जा म्हनला तरच ती जानार. आता डॉक्टरच ऱ्हावा तुम्ही."

तो गेला आणि त्याच दुपारी मी तिसरी पाटी लिहिली. जाड मार्करनं, मोठ्या अक्षरात, काउंटरच्या बरोब्बर वर लावली.

आठ दिवसांनी साईनाथ तिला घेऊन आला. मी दुपारची वेळ सांगितली होती, पण तिला भरल्या दुकानातच यायचं होतं, नेहमीसारखं. संध्याकाळचे सात. रांगेत भीमराव होते. मथुराबाईला ओळखायला मला क्षणभर लागलं. चेहरा एका बाजूला ओढला गेला होता, त्यावर पदर घट्ट धरलेला. पायरी चढून ती सरळ पाटीखाली येऊन उभी राहिली. लोक आपोआप बाजूला झाले. साईनाथ माझ्याकडे पाहत नव्हता.

तिनं पदर बाजूला केला आणि उघडलं तेवढं तोंड उघडलं.

मी टॉर्च लावला. आत छातीचं मांस गालाला शिवलेलं होतं, टाके दिसत होते. उजवीकडचे दात अजून मशेरीनं काळे होते. त्यातलं मला काही कळत नव्हतं. बरं की वाईट हे ओळखण्याइतकं मी कधी शिकलेच नव्हते. ती मात्र माझ्या चेहऱ्याकडे पाहत होती, अगदी टक लावून, मी काय म्हणते त्याची वाट बघत. तिची नजर शाबूत होती.

"जखम चांगली भरतेय," मी म्हणाले. "शेक सगळे घ्यायचे. एकही चुकवायचा नाही. तिथले डॉक्टर सांगतील तसं करायचं. मी सांगतेय."

मथुराबाईनं मान हलवली, दोनदा. भीमराव पाटीकडे बघत होते, मग माझ्याकडे, मग परत पाटीकडे. ते वाचू शकतात. मथुराबाईनं पिशवीत हात घातला आणि मेथीची जुडी काढून काउंटरवर ठेवली. साईनाथ हळूच म्हणाला की सकाळी स्वतः वाफ्यात बसून तिनं ती काढली. मग ती काहीतरी बोलली. ओठांतून नुसता आवाज आला, त्यात अक्षर एकही नव्हतं.

मला शब्द कळला. तपासनी, म्हणत होती ती. मी जुडी घेतली.